गच्ची शाळेची, बिल पंपाचं

मनपा शाळेच्या गच्चीवरची सौर पॅनेलं वर्षातली सगळ्यात जास्त वीज देतात ती मार्च ते मे या महिन्यांत. त्यातला बराचसा काळ परीक्षेचा आणि सुट्टीचा. वर्ग बंद, पंखे बंद, संगणक कक्षाला कुलूप. खाली शिपाई आणि एक ट्यूबलाइट. वर दहा किलोवॅटचा संच दिवसाला चाळीस-पंचेचाळीस युनिटं तयार करतोय. ही वीज नेट मीटरमधून वीजकंपनीच्या तारांत जाते, पुढच्या बिलांत जमा दिसते आणि मार्चअखेर जी उरेल ती कंपनी किरकोळ दराने विकत घेते. तोट्याचा सौदा नाही. पण एवढ्यासाठी मांडव घालून, आमदारांना बोलावून फीत कापायची गरज होती का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा.

मी एका महापालिकेच्या विद्युत विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं पंपहाऊसवर गेली, शेवटची सौर प्रकल्पांच्या फायलींत. शहराचं नाव सांगत नाही. माझे सहकारी अजून तिथे नोकरीत आहेत, आणि तसंही पुढे जे लिहिते आहे त्यात आपलंच शहर दिसलं तर वाचकांनी आश्चर्य मानू नये.

सार्वजनिक इमारतींवर सौरवीज आणावी का, हा वाद आता उरलेला नाही. पॅनेलं स्वस्त झाली, तंत्र रुळलं, बँकाही कर्ज देतात. वाद घालायचाच तर कुठे आणावी आणि आणल्यावर तिच्याकडे कोण बघणार, यावर घालावा. आणि नेमकं यावर महापालिकेच्या सभागृहात कोणी बोलत नाही.

महापालिकेचं वीजबिल कशाचं असतं ते आधी बघू. मुख्यालयातल्या एसीचं नाही, शाळांच्या पंख्यांचं तर नाहीच. बहुतेक शहरांत सगळ्यात मोठा वाटा पाणीपुरवठ्याचा, म्हणजे नदीतून किंवा धरणातून पाणी उपसून शहरात चढवण्याचा. त्यानंतर पथदिवे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रं. एका मध्यम शहराची जॅकवेल, म्हणजे जिथून पंप पाणी उपसतात ती विहीर, धरा. तीनशे हॉर्सपॉवरचे तीन पंप चालू, चौथा राखीव. तीन पंपांचे झाले साधारण ६७० किलोवॅट. दिवसाला वीस तास चालले तर तेरा हजारांवर युनिटं. वर सांगितलेल्या शाळेचा संच दिवसाला चाळीस युनिटं देतो. म्हणजे या एका जॅकवेलची भूक भागवायला तशा तीनशेहून जास्त शाळा लागतील. एवढ्या शाळा आमच्या महापालिकेत कधीच नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांतल्या काहींचे स्लॅब पॅनेलचं वजन पेलतील की नाही याची बांधकाम विभागालाच खात्री नव्हती.

त्यात नियमाची गोम आहे. छतावरच्या संचाची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भाराच्या पुढे नेता येत नाही. शाळेची गच्ची ऐसपैस, पण मंजूर भार आठ-दहा किलोवॅट. गच्चीवर पन्नास किलोवॅट मावत असले तरी दहाच बसवायचे. उलट पंपहाऊसचा भार शेकडो किलोवॅटचा आणि छत म्हणाल तर क्रेनच्या गर्डरवर टाकलेले पत्रे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे एका जागी तयार झालेली वीज महापालिकेच्याच दुसऱ्या जोडणीच्या बिलात वळती करून घेणं. दिल्लीच्या नियामक आयोगाने समूह नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्येच काढली. आपल्या राज्याच्या आयोगाच्या जनसुनावण्यांना मी काही वेळा गेले आहे. उद्योगांच्या संघटना येतात, साखर कारखान्यांचे वकील येतात, ग्राहक संघटनांचे जुनेजाणते कार्यकर्ते कागदांचे गठ्ठे घेऊन येतात. राज्यातल्या मोठ्या वीजग्राहकांत मोडणाऱ्या महापालिकांचा माणूस मला तिथे क्वचितच दिसला. आपल्या बिलाबद्दल बोलायचीही ज्यांना सवड नाही, त्यांचं बिल कमी होणार कसं?

इंदूरकडे बघावं असं मी म्हणते ते स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकासाठी नव्हे. होळकरांच्या या शहराला सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नर्मदेचं पाणी मिळतं. मंडलेश्वरजवळच्या जलूद इथून ते उपसलं जातं आणि सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतं. चारशे मीटरहून जास्त उंचीची ही चढण आहे. त्याचं वीजबिल महापालिकेच्या गळ्याशी आलेलं होतं. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे बाजारात आणले. कशासाठी? जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. व्याज ८.२५ टक्के. सामान्य गुंतवणूकदारालाही ते घेता येत होते आणि मागणी रकमेच्या कित्येक पट आली. मला यात रोख्यांपेक्षा जागेची निवड जास्त आवडली. त्यांनी आधी बिल उघडून बघितलं, सगळ्यात मोठा आकडा कुठल्या जोडणीचा आहे ते शोधलं आणि त्या जोडणीच्या दारात प्रकल्प नेला.

आपल्याकडे रोखे नवे नाहीत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी दोनशे कोटींचे रोखे काढले होते. म्हणजे पत आहे, बाजार ओळखीचा आहे. सोलापूरला उजनीतून पाणी येतं, छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीतून. दोन्ही शहरं पाण्याच्या प्रत्येक थेंबासाठी वीज जाळतात. मुंबईचं नशीब वेगळं. तिथलं धरणांचं पाणी मुख्यतः उताराने भांडुपपर्यंत येतं. ज्यांनी तानसा-वैतरणाच्या वाहिन्या आखल्या त्यांनी आजच्या आयुक्तांचं केवढं बिल वाचवलं आहे याचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. तरीही मुंबईने मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगती सौरवीज असा जोडप्रकल्प आखला. बाकीच्या शहरांची गरज मुंबईपेक्षा मोठी आणि उत्साह मात्र प्रभाग कार्यालयाच्या गच्चीपुरता.

जागा कुठून आणायची, असं लगेच विचारलं जातं. एका मेगावॅटला जमिनीवर साधारण चार ते पाच एकर लागतात. वर धरलेल्या जॅकवेलला सव्वातीन मेगावॅट, म्हणजे पंधरा एकरांच्या आसपास. जलशुद्धीकरण केंद्राचं आवार, सांडपाणी केंद्रासाठी संपादन करून पडून राहिलेली जमीन, माती टाकून बंद केलेले जुने कचरा डेपो, ज्यांच्यावर पुढची कित्येक वर्षं इमारत बांधता येणार नाही. ‘मालमत्ता विभागाकडे यादी मागा’ असं मी सांगितलं की लोक हसायचे, कारण यादी असते पण त्यातल्या निम्म्या जमिनींवर नक्की कोण बसलंय ते कोणाला सांगायचं नसतं. सौर पॅनेलांचा एक उपयोग मला असाही वाटतो: कुंपण पडतं आणि जमीन राहते.

आता थोडं तपशिलात शिरते, कारण खरी मेख इथे आहे. ऊन दिवसा असतं आणि आपल्या शहरांचे पंप पूर्वीपासून रात्री जोर धरतात. मी पंपहाऊसवर नवी होते तेव्हा एका जुन्या ऑपरेटरने मला हे समजावलं होतं. ‘मॅडम, रात्री दाब चांगला मिळतो, मोटार तापत नाही, आणि पहाटे पाचला वाड्यात पाणी नाही आलं तर नगरसेवक आधी मला उठवतो, मग तुम्हाला.’ त्याच्या बोलण्याला दरपत्रकाचाही आधार होता. उच्चदाब ग्राहकांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट असायची आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. सगळं शहर या वेळापत्रकावर बसवलेलं. धुणं पहाटे, टाकी भरणं पहाटे, भांडणंही पहाटेच.

हे गणित आता उलटलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्यच १६ हजार मेगावॅटचं आहे. शेतीसाठीची ही सगळी वीज दिवसा तयार होणार. म्हणून २०२५ च्या दरनिश्चितीत आयोगाने सवलतीची वेळ रात्रीतून काढून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी केली. त्या आदेशांवरून पुढे बरीच कोर्टकचेरी झाली, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंय. दिवसाची वीज स्वस्त होत जाणार, सूर्य मावळल्यावरची महाग. वीजकंपन्यांचं नेट मीटरबद्दलचं गाऱ्हाणंही याच्याशीच जोडलेलं आहे. दुपारी नको असलेली वीज आमच्या गळ्यात मारता आणि संध्याकाळी टंचाईच्या वेळी ती परत मागता, असं ते म्हणतात. आमच्या खात्यात या तक्रारीची टिंगल व्हायची. मला मात्र तिच्यात तथ्य वाटतं.

महापालिकेकडे याला सोपं उत्तर आहे. दिवसा पंप चालवायचे आणि पाणी उंचावरच्या टाकीत साठवून ठेवायचं. रात्री, पहाटे, जेव्हा द्यायचं तेव्हा ते उताराने जातं. लिथियमची बॅटरी नको, तिची आयात नको, दहा वर्षांनी तिचं काय करायचं हा प्रश्नही नको. फक्त टाक्या पुरेशा मोठ्या हव्यात. इथे गाडं अडतं. बहुतेक शहरांत टाक्या लोकसंख्येच्या मागे पडल्या आहेत. अर्धं शहर टाकी न भरता थेट वाहिनीवर चालतं. पंप थांबला की नळ थांबतो. अशा ठिकाणी तुम्ही कितीही पॅनेलं लावा, रात्रीची महाग वीज घ्यावीच लागणार. म्हणून माझं ठाम मत असं की सौर प्रकल्पाच्या प्रस्तावात टाकीचा खर्चही धरावा. पाणीपुरवठ्याची फाइल वेगळी आणि विद्युतची वेगळी ठेवली की दोन्ही प्रस्ताव अर्धवटच राहतात.

दुसरी गोष्ट देखभालीची. तिच्यावर मला जरा रागानेच लिहावं लागणार आहे.

आमच्याकडे एका प्रभाग कार्यालयाच्या गच्चीवर पंचवीस किलोवॅटचा संच बसला. ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल होती. ती संपली आणि थोड्याच दिवसांत इन्व्हर्टर बंद पडला. दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा यावर पत्रव्यवहार सुरू झाला. विद्युत विभाग म्हणाला, इमारत भवन विभागाची. भवन विभाग म्हणाला, यंत्र विद्युतचं. लेखा विभागाने विचारलं, या संचाने आजवर किती बचत केली त्याचा तक्ता जोडा. तक्ता नव्हता, कारण बिल मुख्यालयातून एकत्र भरलं जायचं आणि संचाचं मीटर कोणी वाचतच नव्हतं. मधल्या काळात पावसाळ्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. त्या ठेकेदाराच्या माणसांनी पॅनेलं सोडवून कठड्याला टेकवून ठेवली. काम झालं, ती माणसं गेली, पॅनेलं कठड्यालाच राहिली. वार्षिक अहवालात मात्र ते पंचवीस किलोवॅट दरवर्षी इमानाने मोजले जात होते.

चालू संचांची दशाही फार बरी नसते. पॅनेलवर धूळ बसते, कबुतरं बसतात, शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहतो आणि त्याची सावली दुपारी तीननंतर एका ओळीवर पडते. एका पॅनेलवरची सावली त्या सबंध माळेची वीज खाली ओढते, हे न कळल्यामुळे झाडाची एक फांदी छाटायची राहते आणि वर्षाला हजारो युनिटं जातात. पंधरा दिवसांनी एकदा साध्या पाण्याने पुसलं तरी फरक पडतो. पण पुसायचं कोणी? शाळेतला शिपाई म्हणतो माझ्या कामाच्या यादीत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

सौर पथदिव्यांबद्दल बोलायलाच नको. बॅटरीची पेटी चोरीला गेलेले खांब प्रत्येक तालुक्याच्या गावी उभे आहेत.

आमच्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते, आणि पुस्तिकेत किलोवॅट लिहितात. इतकी पॅनेलं, इतके मीटर केबल, इतके अर्थिंगचे खड्डे. बिल निघालं की ठेकेदाराचा जीव त्या संचातून सुटतो. याउलट दुसऱ्या पद्धतीत, जिला कार्यालयात सगळे रेस्को म्हणतात, संच कंपनीच्या पैशाने उभा राहतो आणि महापालिका फक्त तयार झालेल्या युनिटांचे पैसे देते, साधारण पंचवीस वर्षं. वीज नाही तर पैसे नाहीत. मग कबुतरांची काळजी कंपनीच करते. गच्च्यांसाठी हीच पद्धत असावी असं माझं मत आहे. हिलाही खोट आहे. महापालिका बिलं वेळेवर देत नाहीत हे कंपन्यांना ठाऊक असतं, म्हणून त्या दर चढवून तरी सांगतात किंवा निविदेकडे फिरकतच नाहीत. त्यासाठी वेगळं खातं काढून त्यात आधी पैसे भरावे लागतात. आणि दुसरी अडचण कुठल्याच टिपणीत लिहिली जात नाही: युनिटमागे पैसे देण्याच्या करारात स्थायी समितीपुढे ठेवायला कोटींचं काम नसतं.

जॅकवेलजवळचा मोठा प्रकल्प मात्र महापालिकेने स्वतःच्या किंवा रोख्यांच्या पैशातून उभारावा. तिथे अभियंते चोवीस तास हजर असतात, मीटर दर तासाला नोंदवहीत उतरतं, आणि एक दिवस वीज कमी आली तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. शाळेच्या गच्चीवर असं कोणी नसतं. तिथे कोणी तरी असावं यासाठी मी एकदा सुचवलं होतं की बचतीतला निम्मा वाटा त्या शाळेच्याच खात्यावर द्या, मुख्याध्यापिकेला त्यातून बाकं घेऊ द्या, मुलींच्या स्वच्छतागृहाचा दरवाजा बसवू द्या; मग बघा पॅनेलवर धूळ राहते का. ‘लेखासंहितेत बसत नाही’ एवढाच शेरा परत आला. आजही मला ती सूचना चुकीची वाटत नाही.

मोठमोठे आराखडे आपण यापूर्वीही पाहिले आहेत. केंद्राने २००८ च्या सुमारास सौर शहरांची योजना आणली. पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची मागणी दहा टक्क्यांनी घटवायची आणि त्याचा बृहत आराखडा करायला शहरामागे पन्नास लाखांपर्यंत मदत. आपल्याकडची नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नांदेड ही शहरं त्या यादीत होती. जाड आराखडे तयार झाले, ते कपाटांत आहेत. आता फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. घरावर तीन किलोवॅटचा संच बसवला तर ७८ हजारांचं अनुदान, आणि आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे स्थानिक स्वराज्य संस्थेला एक हजार रुपये. नागरिक स्वतःच्या खिशातून वरची रक्कम घालतात, रोज सकाळी मोबाइलवर काल किती युनिटं झाली ते बघतात, शेजाऱ्याशी तुलना करतात. त्यांना सौरऊर्जेचं महत्त्व सांगणारे फलक लावणाऱ्या महापालिकेला स्वतःच्या गच्चीवरचा आकडा माहीत नसतो.

तो आकडा काढणं अवघड नाही. आपल्याकडे नीट चाललेला एक किलोवॅटचा संच वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटं देतो. अकराशेच्या खाली गेला तर कुठे तरी कोणी तरी झोपलं आहे. म्हणून मला प्रत्येक सार्वजनिक संचाबाबत दोनच गोष्टी जाहीर झालेल्या हव्या आहेत: क्षमता किती आणि गेल्या वर्षी युनिटं किती. मुख्यालयाच्या फलकावर नाही, त्या त्या इमारतीच्या दारावर. आयुक्तांच्या अंदाजपत्रकी भाषणात ‘इतके मेगावॅट बसवले’ असं वाक्य आलं की पत्रकारांनी लगेच पुढचा आकडा विचारावा.

ज्यांना वाट बघायची नसेल त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून हेच दोन प्रश्न विचारा, आपल्या प्रभागातल्या प्रत्येक संचासाठी. अर्ज विद्युत विभागातून भवनकडे जाईल, तिथून शिक्षण विभागाकडे, कदाचित परत विद्युतकडे. शेवटी ‘माहिती निरंक’ असं उत्तर आलं, तर पहिल्या अपिलाला उद्घाटनाच्या बातमीचं कात्रण जोडायला विसरू नका.